पडवीतल्या बोर्डाची हकीकत

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर एकोणसत्तर भरतात, कारण वडिलांनी मास्तरांना अंदाजानं सांगितलं आणि मास्तरांनी अंदाजानं लिहिलं; पण आई सांगायची ते मी खरं धरतो. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत दोन महिने जाऊन आलो, ते मोजायचे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी मोजतो.

साजगावच्या एका रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं काढली. हेल्पर म्हणून लागलो आणि मेंटेनन्सचा फिटर म्हणून बाहेर पडलो. डिप्लोमावाले साहेब आले नि गेले. मशीन अडलं की बोलावणं मला यायचं. ही बढाई आहे असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. आहेच ती थोडी. पण खोटी नाही.

आज लिहितोय ते मात्र माझ्याबद्दल नाही, माझ्या सुनेबद्दल. चांगला कारागीर मला लांबून ओळखता येतो असं मी जन्मभर म्हणत आलो, आणि माझ्याच घराच्या पडवीत बसलेला कारागीर मला वर्षभर दिसला नाही. ही गोष्ट कुठंतरी लिहून ठेवलेली बरी.

आमचं घर कर्जतला भिसेगावात. घरात आम्ही चौघं. मुलगा कंपनीत, शिफ्टवर. बायको घरात. सून खालापूरकडच्या गावची. लग्नानंतर सहा वर्षं तिकडच्याच एका कंपनीत पॅकिंगला जायची. आधीच्या वर्षी तिनं ते काम सोडलं आणि पडवीत कॉम्प्युटर मांडला. लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम. कॅमेरावाले शूटिंग आणून देणार, ही कापून, सांधून, गाणी लावून त्याचा सिनेमा करणार.

मला ते पटलं नव्हतं. मी लपवलंही नव्हतं.

"सुरळीत चाललेली कंपनी सोडून लोकांची लग्नं बघत बसणार?" मी विचारलं.

"बघत नाय बाबा, जोडत बसणार."

"जोडायला काय, भांड्याला डाग लावायचाय?"

"तुमी एकदा बसून बघा तरी."

"मला नको दाखवू. मी मशीनवर जन्म काढलाय."

हे माझं ठरलेलं वाक्य. बायको म्हणायची, "तुमच्या मशीनवर जन्म काढल्याचा पाढा आता भिंतींना पाठ झाला." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पण पडवीत काही मी कधी बसलो नाही. तिथून जाताना मान दुसरीकडे वळवून जायचो. आपला शब्द आपणच धरला नाही तर कोण धरणार, अशी माझी समजूत.

काम मात्र तिला मिळत गेलं. पोशीर, नेरळकडनं माणसं यायला लागली. इतर लोक हळदीच्या व्हिडिओवर सगळीकडे सिनेमाची गाणी टाकतात; ही धवलारणीचं, म्हणजे लग्नातले धवले गाणाऱ्या बाईचं, गाणं तसंच ठेवायची, म्हातारीच्या खोकल्यासकट. कुणीतरी मला नाक्यावर सांगितलं, "तुमच्या सुनंनं आमच्या आत्तीचं गाणं ठेवलं, आत्ती आता नाय, पण गाणं हाय." मी "हं" म्हणालो आणि घरी काही बोललो नाही.

उन्हाळ्यात तीन कॅमेऱ्यांचं एक मोठं लग्न तिच्याकडे आलं. एवढं ओझं कॉम्प्युटरला पेलेना. चित्र अडकायचं, पुढं सरकायचं, परत अडकायचं. मग तिनं नवीन प्रोसेसर आणला. जेवताना ती मुलाला सांगत होती, मी ताटात बघत ऐकत होतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. ते ज्या मोठ्या हिरव्या पत्र्यावर बसतं तो बोर्ड. आता हा बोर्ड जुना, त्याला नव्या इंजिनाची ओळखच नाही. नुसतं बसवलं तर चालू होणार नाही. बोर्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात बोर्डाची अक्कल लिहिलेली असते. आधी ते जुनं लिखाण पुसून नवीन लिहायचं, मग इंजिन बदलायचं.

"आणि पुसल्यावर, लिवायच्या आधी लाईट गेली तर?" मुलानं विचारलं.

"तर बोर्ड मेला. म्हणून तर इन्व्हर्टरवर करणार."

इन्व्हर्टरचं नाव आलं तसा मी ताटातून मान वर काढली. कारण घरातलं सगळं वायरिंग माझ्या हातचं. आणि पडवीतल्या स्विचबोर्डावर मी एक खास गोष्ट बसवली होती, ती आधी सांगायला हवी.

मिलमध्ये प्रत्येक मशीनला एक मोठं लाल बटण असायचं. आम्ही त्याला इमर्जन्सी म्हणायचो. तळव्यानं दाबलं की सगळं जागच्या जागी बंद. परत चालू करायला पिळून बाहेर काढायचं. आणि तिथला नियम एकच: मशीनचा आवाज बदलला की आधी इमर्जन्सी, मग विचार. मी एकदा असंच नुसत्या आवाजावर बटण दाबलं होतं आणि रोलमध्ये चाललेला एका माणसाचा हात कोपराच्या अलीकडे थांबला. तो माणूस अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो, त्याच हातानं.

निवृत्त झाल्यावर मी तसलं एक बटण घरी पडवीत बसवलं. वीज बाहेरून येवो की इन्व्हर्टरमधून, ते दाबलं की घरातलं सगळं बंद. लोक हसले. बायको म्हणाली, "घरात काय सळया ओढणार हाय का?" मी म्हणालो, राहू दे.

बुधवारी सकाळी सुनेनं काम काढलं. आदल्या दिवशी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, एकाखाली एक. नवीन लिखाण पेनड्राइव्हमध्ये घेतलं होतं. मुलगा कामावर, बायको स्वयंपाकघरात चटणी वाटत. सुरू करायच्या आधी सून माझ्याकडे आली.

"बाबा, ऐका जरा. मधीच स्क्रीन काळी होईल. पंखा पण एकदम..."

"तू तुझं कर गं. मला नको शिकवू."

आणि मी उठून अंगणात गेलो. वाक्य पुरं ऐकायला किती वेळ लागला असता? चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा. पण उठलो.

थोड्या वेळानं पाणी प्यायला आत आलो तर ती खुर्चीत बसून स्क्रीनवरची पट्टी सरकताना बघत होती. तेवढ्यात फाटकावर गॅसवाला आला. सिलिंडर द्यायला त्याला तिच्या फोनवरचा कोड हवा होता. ती उठली. "बाबा, दोन मिनिटं. कशाला हात लावू नका हां," म्हणाली आणि गेली.

मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. पट्टी अर्ध्यावर पोचली. स्क्रीन काळी झाली. आणि कॉम्प्युटरच्या आतला पंखा असा गरजला, असा गरजला, की माझ्या पाठीत मिल उभी राहिली. डोक्यानं काही ठरवलं नाही. एकतीस वर्षांच्या सवयीनं हात गेला आणि तळवा बटणावर बसला.

सगळं शांत. आतला मिक्सरही थांबला.

"अवो, लाईट गेली?" बायको आतून ओरडली.

तेव्हा मला कळलं की मी काय केलं ते. बटण पिळून बाहेर काढलं. मिक्सर चालू झाला. कॉम्प्युटरचा पंखा फिरला, थांबला. परत फिरला, परत थांबला. स्क्रीन काळीच.

सून आली. तिनं बघितलं. खाली बसली, बंद केलं, चालू केलं. पंखा फिरला, थांबला.

"बाबा, काय झालं?"

आता हे लिहायला हात जड होतो, पण लिहितो. त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं: मी वर्षभर या कामाच्या विरोधात बोललोय. आता मी सांगितलं की बटण चुकून दाबलं, तर कोण मानेल? म्हणतील, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. सून तोंडावर बोलणार नाही, पण मनात धरेल.

"झटका आला," मी म्हणालो. "दिवा भपकन पेटला, मोठा झाला, आणि गेला. मग परत आली लाईट."

"मिक्सर बंद पडलेला गं," बायकोनं आतून साक्ष दिली. ती बिचारी खरं तेच सांगत होती.

सुनेनं डोक्याला हात लावला नाही, रडली नाही. तिनं कर्जतच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो तिच्या ओळखीचा, असल्या चिपा नीट करणारा. फोन मोठ्या आवाजात होता.

"ताई, नुसतं लिहिताना तुटलं असंल तर चिप परत लिहिता येते. पण झटका आला म्हणताय ना? दिवा मोठा झाला म्हणताय?"

"सासऱ्यांनी बघितलाय."

"मग बोर्ड जळला असणार. त्याच्यावर टाइम घालवू नका. तो माल आता मिळत पण नाय."

तिनं फोन ठेवला. "बरं," म्हणाली. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक.

खोटं बोलणं हेही एक मशीनच आहे. एकदा फिरलं की थांबवायला बटण सापडत नाही. त्याच संध्याकाळी नाक्यावर आमच्या भागातला वायरमन चहा पीत होता, आणि मी चार माणसांत त्याच्यावर तुटून पडलो.

"काय रं, लाईट सोडता का बाण सोडता? माझ्या सुनंचं मशीन जाळलंस!"

"काका, आज कुठं झटका? दिवसभर एक तार हलली नाय."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं कुठं म्हटलं मी..."

"मिलमध्ये एकतीस वर्षं काढलीत मी. मला नको शिकवू."

तो वयानं माझ्या मुलाएवढा. बाकीच्यांनी माझीच बाजू घेतली, कारण वायरमनला बोलायला सगळ्यांनाच आवडतं. मी घरी आलो तेव्हा छाती पुढं होती आणि आत काहीतरी सोललेलं होतं.

गुरुवारी सकाळी सून आवरून निघाली. बायकोनं विचारलं कुठं, तर म्हणाली, पॅकिंगच्या जुन्या सुपरवायझर बाईंना भेटून येते, नवीन कॉम्प्युटरला पैसे नाहीत, जागा आहे का बघते. मोठं लग्न ज्यांचं होतं त्यांना तिनं फोन करून सांगितलं की दुसरा कुणी बघा, सगळं शूटिंग परत देते. ते म्हणाले, रविवारपर्यंत थांबतो. मी अंगणात विळ्याला धार लावत होतो. ती जाताना नेहमीसारखी म्हणाली, "येते बाबा." मी मान हलवली. वर्षभर मला हेच हवं होतं ना? तिनं कंपनीत परत जावं. आता ती चालली होती आणि मला विळा धरवत नव्हता.

दुपारी ती परत आली. एक तारखेपासून ये म्हणाले होते. जेवली, आणि जेवल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला एक कळत नाय. लाईट गेली तर इन्व्हर्टरनं का नाय धरलं?"

हे मी धरलंच नव्हतं. खोटं बोलताना माणूस एक बाजू बघतो. वीज गेली म्हटलं, म्हणजे इन्व्हर्टर चालला नाही. इन्व्हर्टर चालला नाही म्हणजे वायरिंग वाईट. आणि वायरिंग माझं!

"झटका मोठा होता," मी म्हणालो.

"मी तपासून बघू का? कंपनीत गेले तरी घरात तुमी दोघं असता. परत झटका आला तर?"

ती माझ्या काळजीनं विचारत होती. तिनं वही आणली. मेन स्विच बंद केला. पडवीतला दिवा एकदा मिटमिटलासुद्धा नाही, इन्व्हर्टरनं धरला. चालू केला. परत बंद. परत धरला. असं पाच वेळा, आणि दर वेळी वहीत लिहिलं. मग माझा जुना टेस्टर मागून घेतला, स्टुलावर चढली, स्विचबोर्डाचं झाकण काढलं आणि आत बघत राहिली. तारांना मी तेव्हा रंगाप्रमाणे बांधून, प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा लिहून ठेवलेला.

खाली न उतरताच म्हणाली, "बाबा, हे सगळं तुमी एकट्यानं केलं?"

"मग काय, दुसरा कोण येणार?"

"एक पण जोड सैल नाय. एक पण तार उघडी नाय. एवढं चोख काम मी कुठं बघितलं नाय. या वायरिंगची चूक नाय बाबा. ही असूच शकत नाय."

निवृत्तीला दहा वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या वर्षांत माझ्या कामाला कुणी उघडून बघितलं नव्हतं. आणि जिनं बघितलं, जोडन्‌जोड टेस्टर लावून बघितला, तिला मी फसवत होतो.

"खाली उतर," मी म्हणालो. "मीच दाबलं."

"काय?"

"इमर्जन्सी. पंखा वरडला, स्क्रीन काळी झाली, मी बटण दाबलं. झटका-बिटका काय आला नाय. मुद्दाम नाय केलं. मानायचं तर मान."

ती स्टुलावरच होती. मी जमिनीकडे बघत होतो. दारात बायको उभी होती, तिच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप. तिनं एवढंच म्हटलं, "अरे देवा."

मला वाटलं आता सून बोलेल. बोलायला हवंच होतं. पण ती उडी मारून खाली आली आणि माझा दंड धरला.

"झटका नव्हता? नक्की? दिवा मोठा नाय झाला?"

"नाय झाला."

"म्हणजे बोर्ड जळलेला नाय!" ती जवळजवळ ओरडली. "चिप नुसती अर्धवट लिहिलेली हाय! बाबा, हे काल सांगितलं असतं तर मी कंपनीत कशाला गेले असते वो?"

तिला राग आला होता, पण तो उशिराबद्दल होता. बटणाबद्दल ती त्या वेळी एक अक्षर बोलली नाही. लगेच फोन घेतला, दुरुस्तीवाल्याला खरं काय ते सांगितलं, आणि तासाभरात बाजारात जाऊन त्याच्याकडनं एक छोटं यंत्र घेऊन आली. काडेपेटीएवढं. त्याला चपट्या तारांची एक पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला चिमटा, दोरीवरच्या कपड्यांना लावतो तसा, पण नखाएवढा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, आणून द्या, मी करतो. ती म्हणाली, एकदा बघते मी स्वतः.

शुक्रवारी सकाळी सगळं आवरून ती पडवीत बसली. मी खुर्ची घेऊन शेजारी बसलो. कुणी बोलावलं नव्हतं.

आता काय काय बघितलं ते सांगतो.

तिनं मसाल्याचा गोल डबा धुऊन, पुसून आणला होता. बोर्डाचा एकेक स्क्रू काढायची आणि डब्यातल्या वाटीत टाकायची. लांब स्क्रू जिऱ्याच्या वाटीत, आखूड मोहरीच्या, पंख्याचे वेगळ्या. काढायच्या आधी प्रत्येक ठिकाणचा फोटो. मिलमध्ये मी पोरांना ओरडून ओरडून दमलो होतो की उघडताना मांडून ठेवा, म्हणजे बसवताना सापडेल. हिला कुणी ओरडलं नव्हतं. ही आपसूक तशी होती.

चिप मला दाखवली. एवढीशी. चार पाय इकडे, चार तिकडे. एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका. पट्टीतली लाल तार त्या बाजूला यायला हवी, उलटी लागली तर चिप खरंच जळणार. तिनं भिंग लावून ठिपका बघितला. मग मला बघायला लावला. "तुमचा पण डोळा लागू दे," म्हणाली. मग चिपेवरची बारीक अक्षरं वहीत उतरवून घेतली आणि तिला किती व्होल्ट चालतात ते शोधून काढलं. तोवर यंत्राला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, बरोबर. हे मी पण असंच केलं असतं. आयुष्यात फार थोड्यांबद्दल मला असं वाटलंय.

मुलाचा जुना लॅपटॉप समोर ठेवला, त्याला यंत्र जोडलं. त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणजे तोही विजेवरच. सुनेनं एकदा स्विचबोर्डाकडे बघितलं. बायको लाटणं घेऊन आली आणि त्या लाल बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"आता कुणी हात लावून दाखवा."

"मी इथं बसलोय ना," मी म्हणालो.

"म्हणूनच."

सून पहिल्यांदा हसली, तीन दिवसांत.

चिमटा लावला, चिपेतलं होतं तेवढं वाचून घेतलं. मी विचारलं, बिघडलेलं कशाला वाचतेस? म्हणाली, दोनदा वाचायचं. दोन्ही वेळा एकसारखं आलं तर चिमटा नीट बसलाय, नाहीतर नवीन लिखाण पण वेडंवाकडं जाईल. दोनदा वाचलं. जुळलं नाही. चिमटा स्वस्तातला, त्याची पकड ढिली. तिनं काढून परत लावला. जुळलं नाही. पाच-सहा वेळा झालं. दर वेळी तेवढ्याच शांतपणे काढायची, ठिपका बघायची, लावायची. मिलमध्ये दुसऱ्या फेरीला पाना फेकणारे लोक मी बघितलेत. मी स्वतः फेकलेत.

मग ती म्हणाली, "बाबा, तुमी धराल? वरून दाबून, अजिबात न हलता. वेळ लागंल."

त्या बटणाबद्दल तिला काय वाटलं, ते मला इथं कळलं. ज्या हातानं मोडलं, तोच हात तिनं मागितला.

मी अंगठा आणि बोटानं चिमटा धरला. दोनदा वाचलं. जुळलं. "सोडू नका," म्हणाली. जुनं पुसलं. मग लिहायला लागली. स्क्रीनवर पट्टी सरकत होती, मी तिकडे बघितलं नाही, बोटांकडे बघत राहिलो. माझं कोपर टेबलावर टेकलेलं, श्वास बारीक. नाकावर माशी बसली. बायको लाटण्यानं ती हाकलायला पुढं आली तशी सून म्हणाली, "आई, तुमी बटणाजवळच!" आणि ती परत भिंतीला चिकटली. माशी तिच्या वेळेनं गेली. सहा मिनिटं झाली असतील, नाहीतर आठ. मग लॅपटॉपनं लिहिलेलं आपलं आपण परत तपासलं.

"जुळलं," ती म्हणाली. "सोडा."

बोटं लगेच उघडली नाहीत.

तिनं बोर्ड परत बसवला. जिरं, मोहरी, एकेक वाटी रिकामी होत गेली, शेवटी एकही स्क्रू उरला नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. पंखा जोरात वाजायला लागला. माझा हात मांडीवरून उठला, तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "असाच वाजतो बाबा. स्वतःला ओळखतोय. वाट बघायची." परवा मी ऐकून घेतलं नव्हतं ते वाक्य हेच असणार.

वाट बघितली. आणि मग चित्र आलं.

बायकोनं लाटणं कपाळाला लावलं. सुनेनं कॉम्प्युटर बंद केला आणि नवीन प्रोसेसरची डबी उघडली, कारण मूळ काम तर तेच होतं. जुना काढला. नवीन दोन बोटांच्या टोकांवर उचलला, खाली केसासारख्या शेकडो पिना, आणि नुसता जागेवर ठेवला. दाबला नाही. "दाबायचा नाय. जागा बरोबर असली की आपल्या वजनानं उतरतो," म्हणाली. खरंच उतरला. मिलमध्ये शाफ्टवर नवीन बेअरिंग हातोडा न लावता सरकवणारा एकच माणूस मी बघितला होता, माझा उस्ताद. त्याच्या हातांची आठवण मला तिच्या बोटांवरून आली, आणि उस्तादाशी मी आजवर कुणाची बरोबरी केलेली नाही. माझी स्वतःचीही नाही.

दुपारपर्यंत ते तीन कॅमेऱ्यांचं लग्न स्क्रीनवर पाण्यासारखं वाहत होतं. मी पहिल्यांदा बसून बघितलं. नवरी घरातून निघताना चौकट धरून उभी राहते, तिथं सुनेनं सगळे आवाज काढून टाकले होते, फक्त बांगड्यांचा ठेवला होता. मी विचारलं, हे कसं केलंस? तिनं दाखवलं. मी शेवटपर्यंत ऐकलं. लग्नवाल्यांना तिनं फोन करून सांगितलं, रविवारी घेऊन जा. आणि सुपरवायझर बाईंना सांगितलं, येत नाही.

संध्याकाळी चहा घेताना मी तिला म्हणालो, "पोरी, मी मुद्दाम नव्हतं केलं."

"म्हाईत हाय बाबा. मुद्दाम करणारा माणूस तारांवर आकडे नाय लिवत." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पण त्या वायरमनला तुमी लय बोलला म्हणं. आई सांगत होती. त्याची काय चूक?"

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो नाय," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून मी नाक्यावर गेलो. वायरमन चहाच्या टपरीसमोरच्या खांबावर चढलेला होता, शिडी खांबाला टेकलेली. टपरीवर त्या दिवशीचीच माणसं होती. मी खाली उभा राहून शिडी धरली. तो उतरायला लागला, मला बघून मधल्याच पायरीवर थांबला.

"काका, आज काय जाळलं आमी?"

माणसं हसली. मी शिडी सोडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तू काय जाळलं नव्हतंस. बटण मी दाबलं होतं, आणि खोटं पण मीच बोललो. माझ्या सुनंनं दुरुस्त केलं. आता खाली ये, चहा थंड होतोय."